टेकूकाकांचा हंडा

"उठा रे पोट्टेहो! पाणी तापलं! आंग धुवाले चाला! मंग मले नोका सांगू, थंडं झालं म्हणून!"

हा आवाज आमच्या गावात घुमला असता तर कोंबड्यानंसुद्धा नुसती कूस बदलली असती. पण तो घुमला जपानमधल्या एका डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या अशा भारी हॉटेलात, जिथं माणसं शिंक आली तरी आधी तिची माफी मागतात आणि मग शिंकतात. नुकतं उजाडत होतं. मी गादीवरून धडपडत उठलो आणि दार सरकवून बाहेर डोकावलो. लांबलचक लाकडी वऱ्हांड्याच्या मधोमध माझे सख्खे काका टेकचंद उभे. अंगात हॉटेलनं दिलेला निळा झगा, कानाला घरचा मफलर, खांद्यावर पंचा, आणि दोन्ही हातांचा भोंगा तोंडाला लावलेला.

जपानी माणसाला भूकंपाची सवय असते. पहाटे कोणी जीव तोडून ओरडलं की तो कारण विचारत नाही. पटापट दारं सरकली आणि निळ्या झग्यांतली माणसं, बाया, लेकरं एकामागे एक, कोणाला धक्का न लावता, खालच्या बागेत जाऊन ओळीत उभी राहिली. निदान शंभर तरी असतील. माझी बायको सरिता म्हणते, चार-पाच होती. सरिताला मोजता येतं, पण सांगता येत नाही.

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी फक्त धानाची लोंबी भरताना पाहिलं आहे.

"पाह्य," ते मला म्हणाले, "एका आवाजात उठले. नाई त तुम्ही."

आणि ते बागेत उतरून रांग लावू लागले. लेकरं पुढं, कारण त्यांना शाळा. मग चष्मेवाले, कारण ते ड्युटीवर जाणार. मग बाया, मग म्हातारे. लोक निमूट सरकत होते. भूकंपाच्या वेळी कोणी अधिकारानं हात धरून हलवलं की जपानी माणूस हलतो. शेवटी मॅनेजर धावत आला, तीनदा कमरेत वाकला, आणि मोनालीनं, म्हणजे काकांच्या मुलीनं, त्याला जपानीत काहीतरी सांगितलं. तो चौथ्यांदा वाकला. मोनाली म्हणाली, "पाणी तापल्याचं ओरडून सांगायची सोय आपल्या हॉटेलात नाही, याबद्दल तो बाबूजींची माफी मागून राहिला आहे."

टेकूकाकांची ओळख अशी मध्येच करून द्यावी लागते, कारण ते स्वतः भेटले तर ओळख करून द्यायची संधी देत नाहीत. राम राम, नमस्कार, कसे आहात, हे त्यांच्याकडे नाही. ते विचारतात, "आंग धुतलं का?" तलाठ्याला विचारतात, जावयाला विचारतात, मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला विचारतात. माझ्या लग्नाची बोलणी करायला सासरे आले ते भर वैशाखात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं त्या दुपारी. काकांनी त्यांना पाणी विचारलं. ते हो म्हणाले. काकांनी त्यांना वाफाळत्या बादलीसमोर नेऊन बसवलं. सासरे अजून सांगतात की पोरगी आम्ही मुलाकडं पाहून नाही दिली, त्या घरातून लवकर सुटावं म्हणून दिली.

आमचं गाव बिरसीच्या जवळ, विमान उडवायला शिकवतात तिथून हाकेच्या अंतरावर. ही हाक काकांची धरायची. त्यांची पहाटेची आरोळी इतकी ठरल्या वेळेची आणि इतकी उंच जाते, की शिकाऊ पायलट म्हणे तिच्यावर विमान वळवतात. काकांचं मात्र त्यांच्याबद्दल मत वाईट. डोक्यावरून विमान गेलं की मान वर करून म्हणणार, "आंग न धुता उडून राहिले."

अंगणात तांब्याचा हंडा. हंडा म्हणजे काय, त्यात मी लहानपणी लपलो होतो आणि घरच्यांनी मला दुसऱ्या गावात शोधलं होतं. खाली दगडांची चूल, बाजूला तुराट्यांचा ढीग आणि मोहाची वाळकी लाकडं. घरात तेव्हा तीन भावांचा संसार, एवढी माणसं की नावं घेताना आजीला मध्ये श्वास घ्यावा लागायचा. पहाटे सगळ्यांआधी काका उठणार, जाळ लावणार, आणि पाण्याला आधण आलं की एकेकाचं नाव घेऊन आरोळी. पहिली बादली मोनालीची, कारण तिला शाळेसाठी गोंदियाची गाडी पकडायची. मग आम्ही बाकीचे शाळेवाले, मग ड्युटीवाले, मग बाया, मग आलागेला पाहुणा. पाहुणा आमच्याकडे रोज एक तरी असायचाच, कारण गरम पाण्याची कीर्ती पार सडक अर्जुनीपर्यंत गेली होती. शेवटी काका. तोवर हंड्याच्या बुडाशी तांब्याभर कोमट उरलेलं. त्यात विहिरीचं थंड पाणी मिसळून ते दोन मिनिटांत अंग धुवून मोकळे. पौषातही. आम्ही म्हणायचो, काकाजी, तुमच्यासाठी पुन्हा तापवा ना. ते म्हणायचे, "आता एकट्यासाठी कायले जाळाचं?"

मोनाली शिकली, इंजिनियर झाली, जपानात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिनं तिथं बसल्या बसल्या एकच गोष्ट मनात धरली: बाबूजींना एकदा, आयुष्यात एकदा, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसवायचं. त्यासाठी तिनं हे हॉटेल ठरवलं, त्यासाठी आम्हा तिघांना विमानात घातलं. विमानात काकांनी हवाई सुंदरीला जे विचारायचं ते विचारलं. तिला काही कळलं नाही, ती हसून लिंबूपाणी घेऊन आली.

पण हॉटेलात पोचल्यावर घोटाळा झाला. काका पाण्यात उतरेनात.

लाजेचा प्रश्न नव्हता. तिथं पुरुषांनी पुरुषांत आणि बायकांनी बायकांत, जन्मल्यासारखं उतरायचं असतं. त्यावर काका म्हणाले, तलावावर काय आपण सूट घालून जात होतो? लाजलो मी. इवलासा टॉवेल कुठं धरावा ते मला कळेना, शेवटी मी तो तोंडावर धरला, म्हणजे निदान ओळख पटायला नको. एकदा उतरलो मात्र, आणि मग निघवेना. दिवसातून तीनदा बसलो. इतका मुरलो की सरिता म्हणाली, तुम्हाला आता बरणीतच भरते.

काका मात्र पुरुषांच्या आंघोळघराच्या निळ्या पडद्याबाहेर बाकावर बसून. खांद्यावर पंचा. आत जाणाऱ्याला जागा द्यायची, बाहेर येणाऱ्याला विचारायचं, "झालं?" तो वाकायचा, काका वाकायचे. तो पुन्हा वाकायचा. दुपारपर्यंत काकांच्या मानेला उसण भरली, पण रांग काही संपेना. घरी माणसं किती, हे ठरलेलं असतं. हॉटेलात एक न्हाऊन निघतो तोवर दुसरा गाडीतून उतरतो.

मोनाली म्हणाली, "बाबूजी, हे पाणी सरत नाही जी. कितीही जण न्हाले तरी तेवढंच राहते. तुम्ही चाला ना."

"एवढ्या पाण्याले लाकडं किती लागत असन?"

तिनं त्यांना जमिनीखालची आग, तापलेले खडक, वर येणारे झरे, सगळं समजावून सांगितलं. काकांनी ते विमा एजंटाचं ऐकावं तशा शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना हे कळत नाही असं समजू नका. पंपाची मोटर ते स्वतः उघडून बसवतात, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. पण आंघोळीच्या बाबतीत ते विज्ञानाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

"ते सारं ठीक आहे," ते म्हणाले. "पर जाळून कोण राहिला?"

आणि ते चूल शोधायला निघाले. हॉटेलच्या मागं गेले, स्वयंपाकघरात डोकावले, तिथून हातात एक लाडूएवढा भाताचा गोळा घेऊन परत आले. शेवटी डोंगराच्या कडेला खडकातून वाफ येत होती तिथं थांबले. तिच्यावर हात धरून बराच वेळ उभे राहिले. परत आले ते गंभीर होऊन.

"खाली आहे कोणी तरी," मला म्हणाले. "सारखा जाळून राहिला बिचारा. सगळ्यायचं झाल्याबिगर त्याचं व्हाचं नाई. त्याच्या आधी मी कसा घुसू?"

मी तिसऱ्यांदा मुरायला गेलो.

पहाटेच्या आरोळीचा किस्सा याच्या दुसऱ्या दिवशीचा. काकांना नेहमीप्रमाणे जाग आली, खिडकीतून बाहेरच्या कुंडावरची वाफ दिसली, आणि एवढं तापलेलं पाणी आहे नि एक माणूस उठलेला नाही, हे त्यांना सहन झालं नाही. बस्स. त्या दिवशी अख्खं हॉटेल दिवस निघायच्या आत न्हाऊन मोकळं झालं. एक म्हातारे जपानी गृहस्थ तर मोनालीला हळूच विचारून गेले, उद्याही उठवणार का? पण काका स्वतः बाकावरच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो.

दुपारी मोनाली माझ्यासमोर चहा घेऊन बसली. चहा कसला, हिरवं पाणी. तोंड एवढंसं झालेलं.

"भाऊ, एवढ्या दूर आणलं आणि बाबूजी कोरडेच जाऊन राहिले," ती म्हणाली. "घरी तरी आता बरोबर न्हातात का? एकटेच त आहेत."

तिला हसवावं म्हणून मी चंद्रीची गोष्ट काढली. काकी गेली, आम्ही गोंदियाला आलो, धाकटे काका नागपूरला गेले, सगळ्यांच्या घरी गिझर लागले. गावच्या घरात उरले काका आणि चंद्री म्हैस. पण काका अजून पूर्ण हंडा भरतात, पूर्ण तापवतात. मग ते पाणी करायचं काय? चंद्रीला न्हाऊ घालतात. तालुक्यात गरम पाण्यानं आंघोळ करणारी ही एकच म्हैस. अशी चकाकते की शिकाऊ पायलट तिला तलाव समजून नकाशात शोधतात. चार दिवस आंघोळ चुकली तर दूध देत नाही, गोंदियाला येऊन आमच्या गिझरखाली उभी राहीन म्हणते.

मोनाली हसली नाही.

"पूर्ण हंडा काऊन?"

"मी विचारलं होतं. म्हणे, कोणी आलं त?"

"आणि आवाज? आवाज देतात का अजून?"

मी खोटं बोलण्यात कोणाला हार जात नाही, पण तेव्हा काही सुचलं नाही. "देतात," म्हणालो. "सगळ्यांची नावं घेऊन. पहिलं तुझंच."

तिनं कप खाली ठेवला आणि त्या डोंगराच्या वाफेकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आरोळी उठली. मी अंथरुणातच म्हटलं, घ्या, झाला सुरू. पण आवाज बारीक होता, आणि काका माझ्या शेजारच्या गादीवर नुकतेच उठून बसत होते, मफलर अर्धा सुटलेला.

"बाबूजी! उठा! पाणी तापलं! आंग धुवाले चाला!"

मी दार सरकवलं. वऱ्हांड्यात मोनाली उभी. झग्याचा पट्टा कसाबसा बांधलेला, हातांचा भोंगा तोंडाला. आज कोणी भूकंप समजलं नाही. दारं उघडली आणि लोक टॉवेल घेऊनच बाहेर आले, काल शिकवल्यासारखे, लेकरं पुढं. काका सवयीनं सगळ्यांच्या मागं जाऊन उभे राहिले, त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्याही मागं.

मोनालीनं त्यांचा हात धरला. "इकडं नाई, बाबूजी. पुढं चाला. आज तुमचा पह्यला नंबर."

"अवो, सगळ्यायचं होऊ दे ना."

"नाई."

तिनं रांगेकडं वळून जपानीत दोन वाक्यं सांगितली. काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. पण म्हातारे गृहस्थ वाकले, बाजूला झाले, आणि त्यांचं पाहून अख्खी रांग भिंतीला लागली. मधून निळ्या पडद्यापर्यंत वाट मोकळी.

काका हलले नाहीत. त्यांनी लेकीकडं पाहिलं.

"कोणं तापवलं?"

"मी तापवलं, बाबूजी."

काकांनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग त्या वाटेनं चालत गेले आणि पडद्याआड झाले.

मागून कोणी आत गेलं नाही. थोड्या वेळानं मीच काळजीनं डोकावलो. बाहेरच्या कुंडात वाफेत फक्त एक डोकं दिसत होतं, त्यावर घडी घातलेला पंचा, डोळे मिटलेले. मी पाय न वाजवता परत फिरलो. मोनाली बाकावर बसली होती, काकांच्या जागेवर, आणि रांगेतल्या सगळ्यांना हातानं थांबा, थांबा म्हणत होती.

काका बाहेर आले तेव्हा चेहरा नि डोळे लालबुंद, बोटांची टोकं लेकरासारखी सुरकुतलेली. सगळा वऱ्हांडा त्यांच्याकडं पाहत होता. मीच विचारलं, "कसं होतं पाणी, काकाजी?"

त्यांनी पंचा पिळला, झटकला, खांद्यावर टाकला.

"ठीक होतं," ते म्हणाले. "पोरीनं लाकडं वल्ली लावली."