फुकटची ऊब

किसनभावजींना पाणी दिसलं की ते आधी त्यात कोपर बुडवतात. बोट नाही, कोपर. बाळंतिणीच्या घरी लेकराच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. कुणाच्या दारातली बादली असो, जनावरांची कुंडी असो, नाहीतर जवळा बाजार गावच्या बाजारात रसवंतीवाल्याची टाकी असो, शर्टाची बाही वर गेलीच म्हणून समजा. एकदा सोयऱ्यांच्या घरी पाय धुवायला परातीत पाणी ठेवलं, तर ह्यांनी वाकून त्यात कोपर घातलं आणि चार माणसांत सांगितलं, "कोमट व्हायला अजून थोडं कमी हाय." ती घरची बाई बिचारी पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली.

किसनभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. साखरा गावात आमची दोन घरं एकमेकांना खेटून आहेत, मधे छातीएवढी भिंत. जन्मभर त्यांनी मोटारी भरल्या. विहिरीवरची मोटार जळाली की आतली जुनी तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. बायको लवकर गेली. लेकरू नाही. रिकाम्या घरात माणूस देवाला लागतो नाहीतर दारूला. हे पाणी तापवण्याला लागले. तेही वीज नको, गॅस नको, सरपण नको.

"उष्णता फुकट पडलेली हाय, वैनी. पकडता आली पाह्यजे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

"पकडा आन तिच्यावर माझा चहा ठेवा," मी म्हणायची. तेवढं कधी झालं नाही.

ह्या फुकटच्या उष्णतेनं एकदा आमचं घर फोडलं. माझ्या थोरल्या पोरीचं लग्न होतं. वऱ्हाडाच्या अंघोळीचं पाणी मी तापवतो, असं भावजींनी अंगावर घेतलं. रस्त्याच्या कामावरचे चार रिकामे पिंप त्यांना मिळाले होते. काळा रंग ऊन ओढतो, म्हणून ते खूश. पिंप घासले, भरले, आदल्या दिवशी उन्हात ठेवले. पाणी तापलं. बराबर तापलं, खोटं कशाला बोलू. पण पिंप डांबराचे होते. तापल्यावर बुडाला राहिलेलं डांबर सुटलं. नवरदेवाचे केस टाळूला चिकटून बसले. मांडवात अक्षता टाकल्या त्या त्याच्या डोक्यावरून खालीच येईनात. सगळ्या लग्नाला नव्या सडकेचा वास सुटला होता.

मालक, म्हणजे आमचे हे, मांडवातच बोलले, "आजपासून तू माझा भाऊ न्हाईस."

रागात माणूस बोलतो. दुसऱ्या दिवशी एकानं हसायचं असतं, दुसऱ्यानं चहा मागायचा असतो. पण दोघं एकाच आईच्या पोटचे. चौदा वर्षं अबोला चालला.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं कुणी समजू नये. दोघं दिवसभर बोलायचे, फक्त माझ्या नावानं. भिंतीपलीकडून भावजी ओरडायचे, "वैनी, त्याहीला म्हणावं, तुरीवर अळी पडली." मालक माझ्यापासून दोन हातांवर बसलेले असायचे, सगळं ऐकायचे आणि मला सांगायचे, "त्याला म्हण, मला डोळे हायेत." मी काहीच बोलायची नाही. निरोप पोचलेलाच असायचा.

मी सून होऊन आले तेव्हा हेच दोघं शेतातल्या विहिरीत दिवस दिवस पडलेले असायचे. मी भाकरी घेऊन जायची तर काठावर कपडे, आत दोन मुंडकी. मालकांनीच भावजींना पोहायला शिकवलं होतं, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. डबा सुटला तेव्हा भावजी बुडाले नाहीत, कारण पोटाखाली मालकांचा हात होता. ही गोष्ट भावजी दर दिवाळीला सांगायचे. अबोल्यानंतर सांगायची बंद झाली.

पुढं एका दिवाळीनंतर मालकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. हिंगोलीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ह्यांना छातीइतक्या गरम पाण्यात उभं करून चालवा. पाण्यात वजन हलकं होतं, पाय उचलतो. थंड पाण्यात उतरवू नका, अंग आखडेल. आणि जे होईल ते ह्या चार महिन्यांत. नंतर पाय जसा राहिला तसा राहिला.

"असं पाणी असतं कुठं?" मी विचारलं.

"मोठ्या शहरात. मोठ्या दवाखान्यात."

घरी येऊन हे सगळं मी अंगणात बसून शेजारणीला सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला भिंतीपलीकडं कुदळ वाजायला लागली. मी डोकावले. भावजी परसात खड्डा खणत होते.

"काय करून राहिले भावजी?"

"हौद बांधून राहिलो. पोहायला."

"ह्या वयात?"

"माझं अंग धरलं, वैनी. पोहलं की सुटते."

अंग धरलेला माणूस सकाळपासून गुडघाभर खणून मोकळा झाला होता. पंधरा दिवसांत हौद उभा राहिला, सिमेंटचा, आत उतरायला पायऱ्या. पायऱ्यांच्या कडेनं लोखंडी नळीचा कठडा. पोहणाऱ्याला कठडा काहून लागतो, हे गावात कुणी विचारलं नाही. गाव हसण्यात गुंतलं होतं.

आता पाणी तापवायचं. शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या भावजींनी गोळा केल्या आणि आपल्या घराच्या पत्र्यावर वेटोळं करून अंथरल्या. काळी नळी, तापलेला पत्रा, त्यातून पाणी फिरवायचं. मोटार चालू केली आणि घरात पाऊस सुरू झाला. ठिबकच्या नळीला हात हात अंतरावर भोक असतं, हे साखऱ्यातलं शेंबडं पोरगंही जाणतं. भावजींना फक्त काळा रंग दिसला होता. पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी थेट गादीवर, ज्वारीच्या पोत्यावर. मग एकेका भोकात बाभळीचा काटा ठोकून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळत बसले. आठ दिवस गेले. त्यानंतर मात्र दुपारी पाणी मस्त तापायचं आणि पहाटेपर्यंत पुन्हा बर्फ.

"ऊन पकडलं, पण निसटून चाललं," भावजी म्हणाले. मग त्यांनी खताच्या रिकाम्या पिशव्या शिवून त्यांची हौदाएवढी गोधडी केली. आत सोयाबीनचं भुसकट भरलं आणि ती पाण्यावर पसरली. माझ्या शेळीला ती जमीन वाटली. शेळी अंगणातल्यासारखी चालत गेली आणि मधोमध गडप झाली. भावजींनी ओढून काढली. ती दोन दिवस माझ्याकडं अशी बघायची, जसं मीच तिला पाठवलं होतं.

गावात एकानं सल्ला दिला, "किसनराव, करंटची कॉइल सोडा की. घंटाभरात काम."

भावजी उसळले, "मोटारी भरण्यात जिंदगी गेली माझी, मला करंट शिकवतो? हौदात कॉइल सोडली तर पाणी तापायच्या आधी दादाच..." आणि त्यांनी जीभ चावली. मग म्हणाले, "म्हंजे मीच."

मालक भिंतीच्या अलीकडं बाजेवर पडले होते. त्यांनी कूस बदलली. चौदा वर्षांत भावजींच्या तोंडून दादा हा शब्द आला नव्हता.

शेवटी उकिरड्यानं काम केलं. ताजं शेण आणि भुसकट एकावर एक रचून भावजींनी पुरुषभर ढीग केला. आत नळी वेटोळी करून पुरली आणि वरून रोज पाणी शिंपडायचं. कुजायला लागलेल्या ढिगाच्या पोटात केवढी आग असते, हे मला तेव्हा कळलं. रात्रंदिवस त्यातून पाणी फिरायचं आणि पहाटे हौदावर वाफ दिसायची. वासाचं विचारू नका. पण पाणी गरम होतं.

आता अडचण एकच. मालक उतरेनात.

"वैनी, त्याहीला म्हणावं, पाणी छातीइतकंच हाय."

"त्याला म्हण, मी म्हशीवानी डबक्यात बसत नसतो."

"वैनी, त्याहीला म्हणावं, डबकं न्हाई, हौद हाय."

"त्याला म्हण, त्याच्या हातचं पाणी आमी लग्नात बघितलं."

महिना असाच गेला. चारातले तीन महिने संपले. मालकांचा उजवा पाय लाकडासारखा पडलेला. एका सकाळी त्यांना उठवताना माझ्या कमरेत कळ आली आणि माझं डोकं फिरलं.

"हे बघा," मी म्हणले, "उचलून उचलून माझी कंबर गेली. आज उतरायचं तर उतरा. न्हाई तर उद्यापासून तुमचं धोतर तुमी नेसा."

मालकांनी आधी आढ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "त्याला म्हण, येतो."

त्याला म्हणायची गरजच नव्हती. भिंतीपलीकडं बादली पडल्याचा आवाज झाला. नेमका त्या दिवशी उकिरडा थंडावला होता, ढीग जुना झाला होता. पाणी नुसतं कोमट. आणि दादा येतो म्हणाले होते. मागच्या वावरात रशीदभाईचा हळद शिजवायचा कुकर लागला होता. आमच्याकडं हळद काढली की आधी वाफेवर शिजवतात, मग वाळवतात. कुकरखाली कढत पाणी नुसतंच वाहून चाललं होतं. भावजी नळी घेऊन तिकडं पळाले.

"किसनभाई, जरा देखो, पिवळं हाय ते पाणी," रशीदभाई सांगत होता.

"गरम हाय ना? सोडा!"

ऊब जाऊ नये म्हणून भावजींनी गोधडीचा एकच कोपरा उघडा ठेवला. वाफेत आम्हाला रंग दिसलाच नाही. रशीदभाईनं आणि मी दोन्हीकडून धरून मालकांना पायऱ्यांवरून उतरवलं. भावजी लांब उभे होते, हात पाठीमागं बांधून. पाणी छातीशी आलं तसा मालकांचा चेहरा सैल पडला. तेवढ्यात त्यांचा डावा पाय घसरला. आणि धप्पकन आवाज झाला. भावजी कपड्यांसकट आत होते, एक हात मालकांच्या पाठीखाली, एक पोटापुढं.

मालक सरळ झाले. त्यांनी उजवा पाय उचलला. मी पायरीवरून बघत होते, पाणी हललं, पाय खरंच उचलला होता. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला त्यांनी कठडा धरायला हात पाण्याबाहेर काढला आणि थांबले. हात पिवळाधमक. छातीवरचे पांढरे केस पिवळे. मिशी पिवळी. शेजारी भावजी डोक्यापासून पिवळे.

"किसन्या!" मालक ओरडले. वारं गेल्यापासून एवढा मोठा आवाज निघाला नव्हता. "अरं गाढवा! ह्या वयात मला हळद लावली व्हय रं? आता काय माझं लगीन लावतो?"

"मला विचारल्याशिवाय ठरवू नका," मी म्हणले.

रशीदभाई हसून हसून खालीच बसला. भावजींनी तोंडावरचं पिवळं पाणी पुसलं. शेवटी म्हणाले, "दादा, पुढच्या बारीला बराबर करतो."

"पुढची बारी कशाची? उद्या कर, उद्या! पाय हालला माझा."

मालकांना बाजेवर आणून पुसलं. भावजी दिसेनात म्हणून मी भिंतीवरून डोकावले. ओल्या कपड्यानं उकिरड्याशी बसले होते, तोंड पलीकडं करून.

"काय झालं?"

"हळदीचं पाणी डोळ्यात गेलं."

मी परत आले. हळद डोळ्यात गेली की झोंबते, हे खरंच आहे.

गुढीपाडव्यापर्यंत मालक काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत जायला लागले. दोघं आता समोरासमोर भांडायचे, सकाळपासून, हौदात उभे राहून. तुरीवरून भांडायचे, ढिगात शेण जास्त की भुसकट जास्त ह्यावरून भांडायचे. माझं निरोप्याचं काम गेलं. असे दोन हिवाळे मिळाले.

मागच्या श्रावणात मालक गेले. झोपेतच गेले. त्याबद्दल जास्त काय लिहायचं? म्हातारं माणूस होतं.

ह्या हिवाळ्यात एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर भिंतीपलीकडं वाफ दिसली. मला वाटलं, भावजी अंघोळ करत असतील. दुसऱ्या दिवशीही वाफ. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या परसात गेले. उकिरडा नवा रचलेला, गोधडी नवी शिवलेली. भावजी काठावर बसले होते, कोरडे, स्वेटर घालून. पायऱ्यासुद्धा कोरड्या होत्या.

"तुमी तर उतरत न्हाई," मी म्हणले. "मग हे कुणासाठी तापवून राहिले?"

ते नळीशी काहीतरी करत राहिले. काटा बसवायचा होता म्हणे.

"भावजी, मी विचारून राहिले."

"हौद थंडा पडला तर सकाळी उठून काम न्हाई, वैनी," ते म्हणाले. "मग घरातच बसावं लागते."

त्यांच्या घराचं दार उघडं होतं. आत एक बाज, एक ताट, एक तांब्या. मी मान फिरवली. मला असलं बघायला आवडत नाही.

मी पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतलं, पहिल्या पायरीवर बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. माझे गुडघे कधीपासून धरलेले आहेत. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून ते कमी होत नाहीत.

"कसं हाय?" भावजींनी विचारलं.

पाणी चांगलं गरम होतं.

"कोमट हाय," मी म्हणले. "उद्या जरा जास्त तापवा. मी येईन."