पीएचडीसाठी अर्धा किलो चिखल

पाकीट आलं तेव्हा दत्ताराम पालशेतकर घरीच होते, हे त्यांच्या मुलीचं, सुचेताचं, दुर्दैव. त्यांनी ते कुरियरवाल्याकडून दोन बोटांत घेतलं, उजेडात धरलं, कानाशी नेऊन हलवलं आणि मग विचारलं, "अंदर क्या है?"

"कागज होगा अंकल. साइन करो ना."

"होगा? मालूम नहीं और लेके घूमता है?"

दत्ताराम सव्वीस वर्षं जकात नाक्यावर नोकरी करत होते. ट्रकवाला "बटाटे" म्हणाला की बटाट्यांच्या खाली काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उगवायचा. बहुतेक वेळा खालीही बटाटेच निघायचे, पण कधीतरी न निघायचे, आणि त्या कधीतरीमुळे त्यांचा स्वभाव बनला होता. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तर ते जुडी सोडून बघत. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या त्यांच्या बिल्डिंगीत सत्यनारायणाचा प्रसाद घेतानाही "कोणी केलाय?" असं विचारणारे ते एकटेच.

पाकीट कॅनडाहून आलं होतं. सुचेतानं सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि साऊथ प्रेअरी नावाच्या विद्यापीठानं तिला पीएचडीला घेतलं होतं. ती पत्र वाचता वाचता खुर्चीवरून उठली, परत बसली, परत उठली. तिची आई, सुलू, देवापुढे साखर ठेवायला धावली. दत्तारामांनी पत्र हातात घेतलं.

"फी माफ?"

"हो बाबा. सगळी."

"वर दर महिन्याला पगारपण?"

"स्टायपेंड म्हणतात त्याला."

"आणि त्यांना काय मिळणार?"

"त्यांना? मी मिळणार."

हे उत्तर चुकलं, हे सुचेताला वडिलांच्या भुवया पाहून कळलं. ती घाईनं समजावू लागली की हे मोठं संशोधन विद्यापीठ आहे, त्यांना निरनिराळ्या देशांतले पीएचडीचे विद्यार्थी हवेत, त्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र ऑफिसच उघडलंय.

"का? त्यांच्या देशात पोरं नाहीत?"

"आहेत की."

"मग ती येत नाहीत. का येत नाहीत, ते शोधायला पाहिजे."

पत्रासोबत एक गुळगुळीत माहितीपुस्तक होतं. पहिल्याच पानावर एका झाडाखाली चार विद्यार्थी हसत बसले होते. एक गोरा, एक आफ्रिकन, एक चिनी आणि एक आपल्यातली मुलगी.

"किती छान हसतायत," सुलू म्हणाली.

"तेच तर म्हणतोय. पीएचडी करणारा माणूस हसतो का कधी? आणि बघ, प्रत्येक देशाचा मोजून एकेक. असं आपोआप कोण बसतं? बसवलंय त्यांना."

तरीही प्रकरण एवढ्यावर निभावलं असतं. सुचेतानं होकार कळवला, पासपोर्टची पळापळ झाली, दत्ताराम कुरकुरत का होईना सगळीकडे तिच्याबरोबर गेले. मे महिन्यात मात्र तिच्या होणाऱ्या मार्गदर्शक बाईंची, डॉक्टर ओल्सन यांची, ईमेल आली. सुचेतानं एम.एस्सी.ला भाईंदरच्या मिठागरातल्या जिवाणूंवर काम केलं होतं आणि बाईंना नेमकं तेच आवडलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की येताना मिठागरातला अर्धा किलो चिखल बंद बाटल्यांतून आणता आला तर फार बरं होईल. पहिले प्रयोग त्यावरच सुरू करू.

सुचेतानं ही गोष्ट जेवताना सहज सांगितली. दत्तारामांचा घास हातातच राहिला.

"चिखल?"

"हो. खाऱ्या पाण्यात जगणारे जिवाणू असतात त्यात."

"कॅनडात चिखल नाही?"

"असा नाही."

दत्तारामांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारणं थांबवलं की प्रकरण गंभीर असतं, हे सुलूला लग्नापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्यांनी गॅब्रियलला गाठलं. गॅब्रियल उत्तनचा, नोकरीत त्यांच्याच बरोबरीचा. घरची होडी होती, त्यामुळे पाण्यातलं आणि चिखलातलं त्याला सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज होता.

"पोरीला फुकट शिकवतात, वर पगार देतात, आन चिखल मांगतात?" गॅब्रियलनं डोळे बारीक केले. "पालशेतकर, माल चिखल हाय. पोरगी वरचे बटाटे हायत."

दत्तारामांना रात्रभर जे शब्दांत सापडत नव्हतं ते हेच.

त्याच संध्याकाळी त्यांनी मिठागराच्या कडेला बसून डालड्याच्या जुन्या डब्यात चिखल भरला आणि ओळखीच्या सराफाच्या दुकानात काउंटरवर नेऊन ठेवला. सराफ समोरच्या दोन बायकांना बांगड्या दाखवत होता.

"सेठ, जरा ये देखो."

"क्या है?"

"तुम बताओ."

सराफानं वास घेतला. "कीचड़ है."

"कीचड़ में क्या है?"

सराफानं भिंग लावलं, बोटावर थोडा घेऊन चोळला, जिभेच्या टोकाला लावला. "नमक है."

"और?"

"और कीचड़ है. पालशेतकरभाऊ, तबीयत ठीक है ना?"

"बाहर का आदमी मांग रहा है," दत्ताराम हळू आवाजात म्हणाले. "कॅनडा का."

हळू आवाजात बोललेलं वाक्य जास्त दूर जातं. बांगड्या बघणाऱ्या दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मिठागरावर तीन माणसं बादल्या घेऊन आली. तिसऱ्या दिवशी एका ब्यूटी पार्लरवालीनं जाहीर केलं की फॉरेनमध्ये हा चिखल तोंडाला लावतात आणि महिन्याभरात माणूस उजळतो. चौथ्या दिवशी पार पेणकरपाड्यापासून बायका प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन रिक्षानं आल्या. मिठागराच्या मालकानं हे पाहिलं. चिखलात काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, पण जे काही आहे ते आपलं आहे याची त्याला खात्री होती. त्यानं राखणदार काशीनाथला सांगितलं की आता बोटभर चिखलसुद्धा बाहेर जाता कामा नये.

त्यामुळे सुचेता उकळून घेतलेल्या बाटल्या आणि हातमोजे घेऊन गेली तेव्हा काशीनाथ बांधावर काठी आडवी धरून उभा होता.

"पत्र हाय?"

"काका, मी गेल्या वर्षी येत होते की. ओळखलं नाहीत?"

"वलखतो ना. पत्र न्हाय, तर चिखल न्हाय. इंद्रलोकातला कोन म्हातारा डबा घेऊन सोनाराकडं गेलता, तवापासून ह्यो ताप हाय."

सुचेताला म्हाताऱ्याचं वर्णन विचारावं लागलं नाही. ती घरी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत डालड्याचा डबा होता आणि त्यावर वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'हात लावू नये'.

"बाबा, हे काय आहे?"

"नमुना," दत्ताराम म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी उरलेलंही सांगितलं. सकाळीच ते सायबर कॅफेत जाऊन आले होते. माहितीपुस्तकातल्या पत्त्यावर, विद्यापीठाच्या त्या नव्या ऑफिसला, त्यांनी कॅफेवाल्याकडून इंग्रजीत ईमेल टाइप करवून घेतली होती. तिची एक प्रत त्यांच्या खिशात होती. सुचेतानं ती उघडली. तिचा अर्थ असा होता :

'आपण माझी मुलगी नेत आहात. आपण चिखलही नेत आहात. दोन्हींचा उद्देश वेगवेगळा कळवावा. मुलीस माझी परवानगी आहे. चिखलास भारत सरकारची परवानगी आहे काय? असल्यास प्रत जोडावी. नसल्यास कारण द्यावे.'

सुचेता ओरडली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि वडिलांच्या हातात परत दिली.

"नाक्यावर तुम्ही ट्रक अडवता ना बाबा, तो निदान संध्याकाळी तरी सुटतो," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर अकरा दिवस कॅनडातून एक अक्षर आलं नाही. व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे कागद यायचे होते, तेही आले नाहीत. सुचेता रोज कॅफेत जायची, दहा मिनिटांत परतायची आणि चपला काढताना कोणाकडेही बघायची नाही. सुलू नवऱ्याला ताट वाढून न बोलता उठून जायची. तिसऱ्या दिवसापासून दत्तारामांना घरातली शांतता टोचू लागली. सातव्या दिवशी नाक्यावर त्यांनी एक ट्रक ताडपत्री न उचलताच जाऊ दिला. गॅब्रियलनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

डब्यातला नमुना वाळून ढेकूळ झाला होता, म्हणून आठव्या दिवशी ते एकटेच मिठागरावर गेले.

"काशीनाथ, अर्धा किलो दे बाबा. मुलीच्या शिक्षणासाठी पाहिजे."

"शिक्षनासाठी? चिखल?" काशीनाथ खो खो हसला. मग एकाएकी थांबला आणि त्यांच्याकडे रोखून बघू लागला. "खरं सांग, काय हाय त्यात?"

"काही नाही रे. जिवाणू आहेत."

"त्ये काय भावानं जातात?"

दत्ताराम बांधावर उभे राहून बराच वेळ त्याला खरं ते सांगत होते आणि काशीनाथ एका शब्दावरही विश्वास ठेवत नव्हता. खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असा लालबुंद होतो आणि त्याला असा घाम फुटतो, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. नाक्यावर असे चेहरे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. रिकाम्या हातांनी घरी येऊन ते सुचेताच्या दाराशी उभे राहिले.

"मी त्यांना दुसरी ईमेल लिहू का? माफीची?"

"नको," आतून आवाज आला. "तुम्ही काहीही लिहू नका."

बाराव्या दिवशी सुचेता कॅफेतून धावत आली. जिने चढून दम लागला होता आणि हातात प्रिंटआउट होता. दत्ताराम खुर्चीत आकसून बसले.

"बाबा, तुमची ईमेल त्यांनी वकिलांकडे पाठवली होती."

"माझ्यावर केस केली?"

"नाही! असे जिवाणू आपल्या देशाबाहेर न्यायचे तर सरकारची परवानगी लागते, तसा कायदाच आहे. मलाही माहीत नव्हतं, ओल्सन मॅडमनाही नव्हतं. मी बाटल्या नेल्या असत्या आणि विमानतळावर धरलं असतं तर काय झालं असतं? मॅडमनी तुमचे आभार मानलेत. 'मिस्टर पालशेतकर यांच्या दक्षतेबद्दल' असं लिहिलंय."

दत्तारामांनी कागद घेतला आणि उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

वकिलांनी रस्ताही काढून दिला होता. चिखल कॅनडाला जाणार नव्हता, कॅनडा चिखलाकडे येणार होता. विद्यापीठानं मुंबईतल्या एका संशोधन संस्थेबरोबर करार केला. सुचेतानं पहिलं वर्ष तिकडे अभ्यासक्रम करायचा आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीनं इथं येऊन मिठागरावर काम करायचं. परवानग्यांचं सगळं संस्था बघणार. मालकाला संस्थेचं शिक्क्याचं पत्र गेलं. पत्र पाहिल्यावर काशीनाथला चिखलाचं काही विशेष वाटेनासं झालं.

अडकलेले व्हिसाचे कागदही आले आणि ऑगस्टमध्ये सुचेता गेली. निरोप देताना दत्तारामांनी तिच्या बॅगा तीनदा तपासल्या आणि तिसऱ्यांदा त्यांना खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं. सप्टेंबरात तिकडून हेदर आली. उंच, लाल गालांची, शेतकऱ्याची मुलगी. मिठागराजवळ राहायला जागा हवी होती आणि सुचेताची खोली रिकामी होती. सुलूनं एका वाक्यात निकाल लावला : आपली पोर त्यांच्याकडे, तर त्यांची पोर आपल्याकडे. हेदर पंधरवड्यात हातानं भात जेवायला शिकली, काशीनाथला 'काय काका' म्हणू लागली, आणि चिखलानं माखून परतली की बिल्डिंगीतली पोरं तिच्यामागून जिना चढू लागली.

एका रविवारी सकाळी हेदर मिठागरावर असताना फोन वाजला. पलीकडे जाड, सावकाश बोलणारा आवाज होता. हेदरचे वडील, कॅनडाहून. दत्तारामांचं इंग्रजी नाक्यापुरतंच होतं, पण तेवढं पुरलं.

"हेदर म्हणते, तुम्ही तिच्याकडून भाडं घेत नाही."

"नो भाडं. शी इज लाइक डॉटर."

पलीकडे शांतता पसरली. ती शांतता दत्तारामांनी चटकन ओळखली.

"ती म्हणते, रोज सकाळी कोणी ना कोणी डबा आणून देतं. आणि मिस्टर गॅब्रियल नावाचा माणूस मासे देतो, तेही असेच. हे मिस्टर गॅब्रियल कोण? ते असं का करतात? आणि बिल्डिंगमधल्या चाळीस कुटुंबांना माझ्या मुलीचं नाव कसं माहीत?"

कोळंबी सोलत बसलेल्या सुलूला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. आता हे भडकणार, या अंदाजानं ती फोन काढून घ्यायला उठलीसुद्धा. पण दत्तारामांनी हातानं तिला थांबवलं, टेबलावरची वही ओढली आणि पेन्सिल कानावरून काढली.

"गुड क्वेश्चन," ते म्हणाले. "व्हेरी गुड क्वेश्चन. वन मिनिट, आय ॲम रायटिंग."

पुढची वीस मिनिटं ते लिहीत होते. मधूनमधून "करेक्ट" आणि "आय ऑल्सो थिंक सेम" असं म्हणत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा, सुचेता गेल्यापासून पहिल्यांदाच, खुलला होता.

"काय झालं? रागावलेत का ते?" सुलूनं विचारलं.

"छे गं. या अख्ख्या पीएचडी प्रकरणात पहिल्यांदा एक धड माणूस भेटला." ते चपला घालू लागले. "पुढच्या रविवारी परत फोन करणार आहेत."

"मग आता कुठे निघालात?"

"उत्तनला," दत्ताराम म्हणाले. "गॅब्रियल रोज फुकट मासे का देतो, हे बघायला नको?"