नऊ इंची भिंत

टीव्ही भिंतीवर लावायचा तर तो शिकलेल्या माणसाकडूनच, असं मी ठरवलं आणि तिथेच माझं चुकलं. गावात पुंजाजी आहे. तो मोटारी दुरुस्त करतो, पत्रे ठोकतो, गणपतीत लायटिंग करतो, आणि सांगितलं तर भिंतीला खिळाही मारून देतो. पण खिळा मारण्याआधी तो "भिंत कुणाची हाय?" असं विचारतो, आणि आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलेला मला चालत नाही. म्हणून मी हिंगोलीहून कंपनीचा माणूस बोलावला. कंपनीचा माणूस भिंत कुणाची ते विचारत नाही, किती इंची ते विचारतो. (हा प्रश्न जास्त वाईट, हे मला पुढे कळलं.)

आधी भिंतीबद्दल सांगायला हवं. आमचं घर हिंगोलीजवळच्या गोरेगावात, जीपच्या थांब्यामागे. सात वर्षांपूर्वी मी आणि माझा थोरला भाऊ तातेराव, म्हणजे दादा, वेगळे झालो आणि घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. वाटणीपत्र मी लिहिलं, कारण मी शाळेत कारकून आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे. त्यात मी 'मधली भिंत नऊ इंची, दोघांची सामाईक' असं ठळक लिहिलं. मग गवंडी आला आणि विचारू लागला, हे नऊ इंच कुणाच्या बाजूला धरू? दादा म्हणाला, माझ्या बाजूला एक बोट येऊ देणार नाही. मीही तेच म्हणालो. दिवसभर दोघं भाऊ टेप घेऊन समोरासमोर उभे. शेवटी गवंडी वैतागला. त्याने विटा कडेवर उभ्या लावून तीन इंचांत भिंत उरकली, वरून गिलावा फासला आणि निघून गेला. त्या दिवसापासून मी आणि दादा बोलत नाही. कागदावर मात्र भिंत नऊ इंचीच राहिली. कारकून माणसाचं असं असतं की सात वर्षं कागद सांभाळला की भिंतही तशीच वाटायला लागते.

घराबरोबर मायचीही वाटणी झाली. पोळा ते होळी ती माझ्याकडे, होळी ते पोळा दादाकडे. (वाटणीपत्रात मायचं नाव बैलजोडीच्या खाली आलं आहे. मुद्दाम नाही, आठवेल तसं लिहीत गेलो.) सुरुवातीला पोळ्याच्या दिवशी माय बोचकं घेऊन बरोबर यायची. पण गेले दोन पोळे ती आलीच नाही. "पुढल्या पाळीला येते," म्हणाली. मी फारसा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर अजिबात केला नाही.

या उन्हाळ्यात ती दादाच्या न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि तिने खाट धरली. मग जीपच्या थांब्यावर लोक मला गाठायला लागले.

"भागवतराव, माय कुठं हाय?"

"दादाकडं."

"मागल्या दोन पाळ्या तं तुमच्या व्हत्या न?"

जीप येईपर्यंत मी चपलेकडे बघत उभा राहायचो. पण नुसती लोकलाज नव्हती. माय ऐंशीच्या पुढची, पुढचा पोळा बघेल की नाही कोण सांगणार? तिची तिरडी दादाच्या दारातून निघाली आणि मी शेजाऱ्यासारखा मागे चाललोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मी जेवता जेवता ताटावरून उठायचो. मला ती माझ्या घरात हवी होती. म्हणून मी त्रेचाळीस इंची टीव्ही आणला. खाटेवरून पडल्या पडल्या दिसला पाहिजे म्हणून तो भिंतीवर उंच लावायचा, आणि खाटेसमोर येणारी भिंत एकच, ती सामाईक.

माझी बायको आशा म्हणाली, "मायला ऐकू येत न्हाई, त्या टीव्ही बघून काय करतीन?"

"चित्र तं दिसंल," मी म्हणालो.

माय बहिरी झाल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आमची त्यातही सोय झाली होती. दादाला काही सांगायचं असलं की मी ओसरीत उभा राहून मायच्या नावाने ओरडायचो, "माय, दादाला सांग, पाण्याचा नळ बंद कर म्हणा!" दादा तिकडून ओरडायचा, "माय, त्याला सांग, नळ त्याच्या बापाचा न्हाई!" (बाप आमचा एकच, पण रागात माणूस वाटणी विसरतो.) माय दोघांकडे बघून मान डोलवायची.

कंपनीचा माणूस पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. त्या दिवशी खांदमळणी असते, बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, त्यामुळे दादा आणि वहिनी शेतात होते आणि पलीकडे माय एकटीच होती. माणसाचं नाव ओमप्रकाश. इस्त्रीचा शर्ट, छातीवर कंपनीचं नाव, बॅगेत ड्रिल मशीन. मी आशाला कौतुकाने म्हणालो, बघ, याला म्हणतात प्रोफेशनल. ओमप्रकाशने चहा घेतला, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंकल, दीवार कितने इंच की है?"

"नऊ."

"आवाज तो खोखला आ रहा है."

"नऊ म्हणजे नऊ. थांबा."

मी ट्रंकेतून वाटणीपत्र काढून त्याच्यासमोर धरलं. त्यावर शिक्का, पाच पंचांच्या सह्या आणि दादाचा अंगठा. (दादाला सही येते. त्या दिवशी रागाने अंगठा दिला.) ओमप्रकाशने ओळीवरून बोट फिरवलं.

"कागज पे तो बराबर है," तो म्हणाला आणि त्याने नऊ इंची भिंतीला लागणारे लांबलचक बोल्ट काढले.

पिकलेल्या पपईत सुरी जावी तसं ड्रिल भिंतीत गेलं. ओमप्रकाश सगळा भार टाकून उभा होता, तोही मशीनसकट भिंतीवर आदळला. आधी गिलाव्याची पोपडी उडाली, मग वीट हलली आणि अर्धी वीट पलीकडे गेली. क्षणभर काहीच नाही, आणि मग पलीकडे ती मऊ कशावर तरी पडल्याचा आवाज आला. मायची खाट त्याच भिंतीला लागून होती.

"माय!" मी ओरडलो.

उत्तर नाही. (बहिरी माणसं उत्तर देत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही.) मी स्टुलावर चढून भोकाला डोळा लावला. लाल धुरळा, वाकळेची कड आणि वाकळेवर मायचा हात दिसला. हात हलत नव्हता.

आशाने लगेच तोंडाला पदर लावून हेल काढला, "माझ्या सासूबाई वंऽऽ, उद्या पोळा आला वंऽऽ!" मी मायला मारलं होतं, तेही प्रोफेशनल माणूस बोलावून. ओमप्रकाश घाईघाईने मशीन बॅगेत भरत होता.

"अंकल, एक ओटीपी आया होगा."

"काय?"

"कंप्लेंट क्लोज करनी है. ओटीपी बोलो."

मी त्याला ढकलून बाहेर धावलो. दादाचं दार आमच्या दारापासून सहा पावलांवर आहे, आणि त्या दारात जाऊन मी थांबलो. सात वर्षं त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, आणि लावणार नाही असं चारचौघांत बोललो होतो. आत माय जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, आणि मी उंबऱ्याकडे बघत उभा. किती वेळ ते सांगत नाही, लाज वाटते.

आत गेलो तेव्हा माय पडल्या पडल्या वाकळेवरचा चुना चिमटीने उचलत होती. केस लाल झाले होते. अर्धी वीट उशीवर होती, तिच्या कानापासून एक वीत लांब. मी खाटेशी बसलो आणि तिच्या कानात जीव खाऊन ओरडलो, "मायऽऽ! लागलं काऽऽ?"

"वरडून काहून राहिला?" माय म्हणाली. "येतं मला ऐकू."

मी तिच्या कानापासून तोंड मागे घेतलं.

"कवापासून?"

"जल्मल्यापासून."

"मंग इतके साल…"

"एकाचं ऐकलं का दुसऱ्याचंबी ऐकावं लागतं, बाबा. तुमी दोघंबी मलाच वरडून सांगत व्हता. मी म्हणलं, कुणाचंच ऐकू येत न्हाई म्हणलेलं बरं. तेवढीच तकलीफ कमी." तिने केसांतला विटेचा चुरा झटकला. "अन् ही भिंत तीन बोटांची हाय, भागवता. आशा कुकर लावती तं शिट्ट्या मी हितून मोजते."

मी मनातल्या मनात सात वर्षं उलटी चाळायला लागलो. त्या भिंतीला पाठ लावून आम्ही काय काय बोललो होतो! मायने मला फार चाळू दिलं नाही.

"मी पडले त्या दिशी तू आशाला काय म्हणला?"

मला आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. चहा पिता पिता मी म्हणालो होतो, "बरं झालं, आपल्याकडं न्हवती. न्हाईतं आपल्यालाच निस्तरावं लागलं असतं." त्याच्याच पुढे चहात साखर कमी पडल्याचंही म्हणालो होतो. पलीकडे ती मोडलेलं हाड घेऊन पडलेली आणि हे सगळं ऐकत होती.

"माय, मी…"

"खरं तेच बोलला. त्याचा राग न्हाई." ती आढ्याकडे बघत म्हणाली. "पण मंग घ्यायला काहून येऊन राहिला?"

मला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस, अंगभर चुना, मायच्या खाटेच्या पट्टीवर डोकं टेकून रडत होतो. तेवढ्यात दारात सावली पडली. दादा शेतातून आला होता, बैलांच्या खांद्याला लावायची हळद अजून हातांवर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, वर भोकाकडे पाहिलं, आणि सात वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"भिंतीला हात कुणी लावला?"

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. "सामाईक हाय ती! वाटणीपत्रात लिव्हलंय!"

"सामाईक हाय तं इचारायचं व्हतं!"

"तू बोलतो का, इचारायला?"

"वीट माझ्या घरात पडली!"

"भोक तं माझ्याबी घरात पडलं!"

दोघांच्या मध्ये माय आणि मायच्या उशीवर वीट. ती वीट तिथून उचलावी, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. शेवटी दादा तिच्यावर वाकून ओरडला, "माय, तूच सांग, चूक कुणाची?" मायने हळूच हात कानामागे धरला.

"काय म्हणता? ऐकू येत न्हाई, बाप्पा."

मी दादाला काही सांगितलं नाही. तिच्या बहिरेपणाच्या भरवशावर तोही काय काय बोलला असेल, ते त्याचं त्याला ठाऊक. बाहेर ओमप्रकाश अजून उभाच होता. मी ओटीपी सांगितला. मोबाईलवर मेसेज आला, 'आपले काम यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे.'

दुसऱ्या दिवशी पोळा. आशाने पुरणपोळ्या केल्या, खोली सारवली, खाटेवर नवी चादर घातली. मी स्टुलावर चढून भोकापाशी तोंड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मायशी हळू आवाजात बोललो.

"माय, आजपासून माझी पाळी. चार माणसं आणतो, खाटंसकट उचलून नेतो. येतीस न?"

पलीकडून तिचा आवाज आला, रागाचा नाही, लोभाचाही नाही.

"न्हाई रे बाबा. आता हितंच बरं हाय." आणि थोड्या वेळाने, "पण ते भोक जरा मोठं करतो का? टीव्हीचं चित्र दिसंना."

मी तेही केलं. एकेक वीट काढत भोकाची आता खिडकी झाली आहे. टीव्ही दोन ट्रंका एकावर एक ठेवून त्यांवर मांडला आहे, भिंतीकडे तोंड करून. पलीकडे माय खाटेवरून बघते. तिच्या पायथ्याशी दादा बसतो. माझ्याशी बोलत नाही, पण बातम्या लावायच्या झाल्या की खिडकीतून रिमोटसाठी हात पुढे करतो. अलीकडे मी आणि आशा टीव्हीच्या पाठीकडे बघत जेवतो. परवा शाळेत शिपायाने विचारलं, साहेब, नवा टीव्ही कसा काय निघाला? मी म्हणालो, चांगला आहे, मागून अजिबात गरम होत नाही.