डॉमनिक अंकलचा टेनिसचा इतिहास

डॉमनिक अंकल माणसांना टॉवेलांवर मोजतात. मस्कतमधल्या आमच्या अल् घुब्राच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, की जिन्यावरून धापा टाकत जाणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या दारात अडवतात, हातात पांढराशुभ्र टॉवेल देतात आणि निकाल लावतात, "वहिनी, तुम्ही दीड टॉवेलच्या. पहिल्याच फेरीत आउट!" आता सांगा, ऑफिसातून दमून आलेल्या बाईशी असं बोलतं का कोणी?

अंकल मूळचे वसईचे. मस्कतच्या ज्या हॉटेलात ते लॉन्ड्री सांभाळतात, त्याच्या कोर्टांवर पूर्वी दरवर्षी बायकांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरायची. देशोदेशीच्या मुली यायच्या आणि त्यांना टॉवेल पुरवायचे अंकल. बस्स, तेवढ्या अधिकारावर त्यांनी स्पर्धेचा इतिहास लिहून काढला. तोही मराठीत. "इंग्लिशमध्ये लिहायचा ना," असं मी म्हणाले मात्र, केवढे भडकले! "का? आम्ही पण मराठी शाळेतच शिकलो. तुम्हा पुण्याच्या लोकांना वाटतं, मराठी तुमच्या बापाची!" खोटं कशाला बोलू, मला थोडं तसं वाटायचं.

मंडळाच्या गणपतीचं पत्रक मी टाइप करते, हे त्यांना कुठूनसं कळलं आणि पाच वह्या आमच्या टेबलावर येऊन पडल्या. अंकल महिन्याभरात कायमचे वसईला परतणार होते. त्याआधी इतिहास छापून हातात हवा होता. "यल्ला, चला वहिनी, एक्झिटच्या आधी खलास करायचं!"

आणि काय तो इतिहास! विजेतीचं नाव एका ओळीत, टॉवेल दीड पान. 'चेक मुलगी डोक्याने शांत. फायनलला दोनच टॉवेल.' 'एक टॉवेल रुमानियाला गेला, परत आला नाही.' 'थायलंडची मुलगी हरल्यावर टॉवेलात तोंड खुपसून रडली. तो टॉवेल मी मोजणीत धरला नाही.' मी हसून हसून बेजार. अर्धं कापू या म्हटलं, तर अंकलनी हात जोडले. "टाइप करा, उपकार होतील. पण कापाकापी नको. आणि खोटं एक अक्षर नको."

शेवटच्या वर्षाशी मी अडले. पात्रता फेरीत बत्तीस मुली, असं वर लिहिलेलं आणि खाली नावं एकतीस. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले.

"अंकल, एक नाव गळलं बघा."

"गळलं नाही." ते इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "बत्तीसावी घरी बसून केमिस्ट्री करत होती."

बत्तीसावी म्हणजे सिल्व्हिया, त्यांची लेक. आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. मी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. हॉटेलच्या मागच्या भिंतीवर बॉल मारून मारून पोरगी खेळायला शिकली. एवढी छान खेळायची, की आयोजकांनी इथल्या मुलीसाठी ठेवलेली एक जागा तिला देऊ केली. ती तेव्हा बारावीत.

"बोर्डाचं वर्ष होतं, वहिनी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी खेळ. स्पर्धा काय कुठे पळून जातेय?"

आणि स्पर्धाच पळाली. आयोजकांनी ती दुसऱ्या देशात नेली, मस्कतला पुन्हा भरलीच नाही.

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? पेपर चांगले गेले तिचे. रॅकेट मात्र परत धरली नाही."

दहावी आहे म्हणून मी याच जूनमध्ये आमच्या लेकीचा तबला बंद केला होता. मी घाईघाईने म्हणाले, "आपण बत्तीसावं नाव घालू या ना अंकल! कोण बघतंय?"

"ती खेळली नाही, वहिनी. खेळली नाही तर कसं घालणार?"

मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि एकतीस नावांखाली सावकाश लिहिलं, 'एका मुलीला तिच्या वडिलांनी खेळू दिलं नाही. चूक वडिलांची.'

"हे तिला कधी बोललात?" मी विचारलं.

"कधीच नाही. आज सांगतो. तुम्ही बसा इथेच, मला धीर येईल."

त्यांनी वही मांडीवर घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि फोन लावला. पलीकडून "हां पप्पा, बोला" एवढं मलाही ऐकू आलं. अंकलनी घसा खाकरला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

"काही नाही गं, सहज केला," ते म्हणाले. "जेवलीस का?"