बोरीखालून गेलेलं आतडं

मुलांनो, जरा कल्पना करा की तुम्ही ज्वारीच्या भाकरीचा एक घास आहात. वर थोडं तिखट आणि तेल आहे. घाबरू नका, तुम्हाला कोणी खाणार नाही. म्हणजे खाणार आहे, पण फार दुखणार नाही! तोंड उघडलं, दातांनी तुमचा चुरा केला, आणि घसरगुंडीवरून आल्यासारखे तुम्ही सुर्रकन खाली, थेट जठरात. दिसलं चित्र? मग असेच बसा, मी गोष्ट सांगतो.

हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. औंढा तालुक्यातल्या एका तांड्यावर माझी शाळा होती. चार वर्ग, एक खोली, एक फळा आणि मी. पण आकृती काढावी तर मीच! मी फळ्यावर बेडूक काढला की खिडकीतून साप डोकवायचा, असं आसपासचे गुरुजी म्हणायचे. म्हणजे मीच म्हणायचो, ते नाही म्हणायचे नाहीत.

एकदा चौथीला मी पचनसंस्था काढली. जठर जांभळं, यकृत तपकिरी, आतडी गुलाबी. मागे सरून वर्गाकडे पाहिलं, तर सगळी लेकरं उन्हात घातलेल्या कुरडयांकडे बघावं तशी बघत होती. शेवटी दिपा बोलली. ही पोरगी वर्षभर मान खाली घालून बसायची, हजेरीलाही नुसतं बोट वर करायची. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, एवढी जिलेबी पोटात मावती कशी?"

मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी ठरवलं, या पोरीला आता आतड्यातून चालवूनच आणायचं!

सव्वीस जानेवारीच्या खेळांसाठी आणलेली फक्की उरली होती. त्या पांढऱ्या भुकटीचा वास अजूनही कुठे आला, की मला ते पटांगण आठवतं. शनिवारी सकाळी मी शाळेच्या दारापुढे भलंमोठं तोंड काढलं, तिथून अन्ननलिका, हापशाजवळ जठर. लहान आतड्याला मात्र मी रंगात आलो. पटांगण संपलं तरी आतडं संपेना! मग दोन समांतर रेघा शेजारच्या मिराबाईच्या अंगणात शिरल्या, तिची बोर मध्येच आली तिला पोटात घेऊन पुढे गेल्या, आणि मोठ्या आतड्याचा शेवट झाला तो मोहनसिंगच्या शेताच्या बांधावर. मिराबाई ही दिपाची आजी आणि मोहनसिंग मिराबाईचा दीर. दोघंही तेव्हा हळद काढायला गेली होती, त्यामुळे परवानगी विचारायचा प्रश्नच आला नाही.

पोरं घास होऊन धावली. दिपा तर पुन्हापुन्हा पचली! मी समाधानाने एसटी पकडून औंढ्याला घरी गेलो.

तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट. पण त्या तांड्याने जमिनीवर अशा पांढऱ्या रेघा आधी एकदाच पाहिल्या होत्या, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याची मोजणी झाली तेव्हा. तो कालवा दुसरीकडून गेला आणि तांडा वाट बघत राहिला. आता पुन्हा रेघा आल्या होत्या, आणि मारल्या कोणी? गुरुजींनी! जनगणना गुरुजी करतात, मतदारयादी गुरुजी करतात, गावातल्या म्हशी गुरुजी मोजतात. मग कालवा काय दुसरं कोणी मोजणार?

सोमवारी एसटीतून उतरलो तर तांड्याचा नाईक बाबूसिंग हार घेऊन उभा. माझ्या आकृतीची कीर्ती पसरली असं समजून मी मान पुढे केली. हार गळ्यात पडल्यावर खरा प्रकार कळला. रविवारभर सगळा तांडा रेघांवरून हिंडला होता. कालवा एवढा वेडावाकडा काहून, यावर बरीच चर्चा झाली होती आणि ज्याचा वशिला त्याच्याकडे वळण, असा निकालही लागला होता. दोघांनी मला बाजूला घेऊन एक वळण आमच्याकडेही द्या म्हणून विनवलं. हापशाजवळच्या तलावात, म्हणजे जठरात, मासे कोणी सोडायचे यावरून तर भांडणही होऊन गेलं होतं!

मी सांगितलं की बाबांनो, ते पोट आहे. बाबूसिंग समजूतदारपणे हसला.

"बराबर आहे गुरुजी. सायबांनी सांगू नका म्हणलं असंल."

मी जितकं नाही म्हणावं, तितका कालवा पक्का होत गेला.

मिराबाईच्या अंगणाशी आलो तर काय! मोहनसिंग कुऱ्हाड घेऊन बोरीपुढे उभा होता आणि मिराबाई खोडाला पाठ लावून बसली होती. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने ती बोर लावली होती. उन्हं चढली की माझा अर्धा वर्ग तिच्याच सावलीला बसायचा.

"वहिनी, उठा," मोहनसिंग म्हणाला. "मधी झाड दिसलं की सायेब लोक रेघ दुसरीकडं नेतेत."

"नेऊ दे की. मी न्हाई उठत."

"माझ्या बांधापत्तोर पाणी येऊन राहिलं, अन् तुमी बोरं खात बसा."

मी मध्ये पडलो. घास, लाळ, पाचकरस, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे पचन खातं वसमतच्या कचेरीत बसतं का.

तेवढ्यात दिपा पुढे आली. तिने कुऱ्हाडीसकट त्याचा हात धरला आणि त्याला शाळेच्या दाराकडे ओढलं.

"आबा, तुमी भाकरीचा घास. चला."

नातीला नाही कसं म्हणणार? तो निघाला, मागे सगळा तांडा निघाला, आणि मिराबाईही झाड सोडून निघाली. वर्षभर न बोललेली पोरगी बोलत होती! हे तोंड, इथं दात. इथं थांबा, आंबट रस सुटतो. आता हळू चला, इथं भाकरीची ताकद रक्तात जाती. बोरीपाशी तिने आबाला वळसा घालायला लावला आणि झाड मधी आलं ते गुरुजीचं चुकलं, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं. मग हसू एकेका वळणाने पुढे सरकत आलं. बाबूसिंगने माझ्या गळ्यातला हार हळूच काढून घेतला. मोहनसिंगची आशा मात्र सुटली नव्हती, कारण त्याचं शेत आता दिसायला लागलं होतं. रेघा संपल्या, तो बांधावर येऊन उभा राहिला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "अन् इथं, माझ्या शेतात, काय निघतं?"

मिराबाईने तोंडाला पदर लावला. मी आभाळात ढग शोधू लागलो. मोहनसिंगने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे, आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

दिपाने थोडा विचार केला. मग ती पळत घरात गेली आणि पाण्याने भरलेलं टमरेल आणून तिने आबाच्या हातात दिलं.