चौघांत एक लॉगिन

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत माहितीपुस्तिकांच्या खात्यात माणसं चार होती, आणि नव्या वेबसाइटचं लॉगिन मिळालं एकीलाच. ती मुद्रितशोधक. चुकीची ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी तिला भातातल्या खड्यासारखी लागायची, म्हणून खात्यात तिला सगळे वेलांटीबाईच म्हणत.

नवी व्यवस्था कडक होती. सगळा मजकूर गिट नावाच्या प्रणालीत राहणार होता. एक स्वल्पविराम हलवला तरी कोणी हलवला, कधी हलवला, याची कायमची नोंद.

"पासवर्ड कोणाला द्यायचा नाही हं ताई," संगणकवाल्याने बजावलं. "दिलात तर नोकरीवर गदा येईल."

"आणि बाकीच्या तिघांचं?"

"त्यांना मेल जाईल. लिंकवर क्लिक केलं की झालं."

झालं काहीच नाही. भाषांतर करणाऱ्या काकांनी मेल उघडेपर्यंत लिंकची मुदत संपली. आकृत्या काढणाऱ्या चित्रकाराला प्रणाली म्हणाली, तुमचं खातं आधीच आहे. नवा पासवर्ड मागितला तर म्हणाली, असं खातंच नाही. फोटोग्राफरच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते सुधारायला त्याने आधी लॉगिन करावं, असं संगणकवाल्याचं म्हणणं पडलं.

अशात वेलांटीबाई नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली. दवाखान्यातच काकांचा फोन आला.

"अगं, घोळ झालाय. पंप उघडण्यापूर्वी वीज बंद करा, त्याऐवजी चालू करा असं वेबसाइटवर गेलंय! संगणकवाला फोन उचलत नाही. पासवर्ड दे."

"काका, नियम आहे..."

"कोणाला शॉक बसला तर नियम लावायचा का त्याच्या अंगाला?"

तिने पासवर्ड दिला. घोळ निस्तरला. पण पासवर्ड काही परत घेता येत नाही. तिघांचे अर्ज संगणकवाल्याकडे पडून राहिले आणि चौघांचं काम एकीच्या नावावर सुखाने चालू लागलं.

दोन महिन्यांनी साहेबांनी तिला बोलावलं. पडद्यावर तक्ता होता. तिच्या नावापुढे अकराशे बदल, बाकीच्यांपुढे तीन शून्यं.

"कमाल आहे तुमची! रजेच्या दिवशीसुद्धा चाळीस बदल! आणि हे तिघं काय करत होते?"

"काम सगळेच करतात, साहेब."

"हा तुमचा मोठेपणा झाला. नोंद वेगळं सांगते."

शुक्रवारी तिघांना घरी बसायची पत्रं मिळाली. वेलांटीबाई तडक साहेबांकडे गेली. "पासवर्ड मी दिला होता," ती एका दमात म्हणाली.

साहेबांनी उठून दार लावलं. "हे मी ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर तुम्हालाही पत्र द्यावं लागलं असतं, आणि त्या तिघांची पत्रं काही परत घेता आली नसती. बोला, काय म्हणत होता?"

नवरा अजून कामावर जात नव्हता. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागत होते. ती म्हणाली, "काही नाही."

चित्रकार आणि फोटोग्राफर तिच्याकडे न बघताच गेले. काका मात्र टेबलाशी थांबले. तिला वाटलं, आता शिव्या देतील. त्याने निदान बरं तरी वाटलं असतं.

"पासवर्ड तेवढा बदल हं," ते नेहमीच्या मायेने म्हणाले. "आम्हा सगळ्यांना पाठ आहे. उगाच तुझ्यावर काही यायला नको."

सोमवारी सकाळी तिघांच्याही फायली तिच्या टेबलावर येऊन पडल्या. पहिली उघडते तोच संगणकवाल्याचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"ताई, तिघांचीही लॉगिन सुरू झाली बघा! फार खटपट केली. कोणाकडे पाठवू?"

वेलांटीबाईने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि फायलींचा ढीग थोडा पुढे सरकवला.

"माझ्याकडेच पाठवा," ती म्हणाली.