कुणाच्या अध्यात ना मध्यात

लेकीने स्वतः पसंत केलेला मुलगा दातांचा डॉक्टर होता, निर्व्यसनी होता आणि आईला अजिबात पटलेला नव्हता. त्याच्या शेजारी चौकशी करून आई परतली ती घामाघूम होऊनच.

"शेजारीण काय म्हणाली माहितीये? फार शांत मुलगा, कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

"मग चांगलंच आहे की," बाबा पेपरातून म्हणाले.

"चांगलं? अहो, प्रत्येक खुन्याचे शेजारी हेच सांगतात!"

आईचा या विषयातला अभ्यास दांडगा. निवृत्त झाल्यापासून ती खऱ्या खुनांचे माहितीपट बघत होती. एरवी बोट कापलं तरी भोवळ येणारी ही बाई. पण तुकडे नेमके किती केले हे कळल्याशिवाय जेवायला उठत नसे. वर म्हणायची, "माणसानं सावध नको का राहायला?" सावधपणा इतका वाढला होता, की कुरिअरवाल्यालाही ती "काल संध्याकाळी कुठे होतात?" असं विचारायची.

"शिवाय दिवसभर हातमोजे! ठसे सापडणार कसे? माझा नकार!"

लेक रडकुंडीला आली. आईच्या होकाराशिवाय लग्न नाही, असं डॉक्टरसाहेबांनीच ठरवलं होतं. सभ्यपणाला काही मर्यादा? शेवटी तिने फोनवर फर्मावलं, "आजच्या आज कुणाशी तरी कडाकडा भांड!"

"पण कशावरून?"

"काहीही काढ रे!"

बिचारा जिन्यातल्या चपलांवरून शेजारणीशी भांडायला गेला. पहिल्या दोन वेळा तिला ऐकूच गेलं नाही. तिसऱ्यांदा त्याने असा काही आवाज लावला, की तिन्ही मजल्यांची दारं उघडली. मग त्याने चपला खाली भिरकावल्या आणि घाबरून स्वतःच उचलून आणल्या.

लेकीने आईला हाताला धरून पुन्हा तिथे नेलं. "आता विचार, कसा आहे ते!"

शेजारणीने साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "काय सांगू हो! इतका शांत मुलगा... तो असं काही करेल असं कध्धी वाटलं नव्हतं!"

लेकीने कपाळावर हात मारला. हे तर खुन्याला बेड्या पडल्यावरचं वाक्य!

आई मात्र तरातरा घरी निघाली. घरात पाऊल टाकताच म्हणाली, "होकार कळवून टाका."

"अगं, खुनी वाटतो ना तुला?" बाबांनी पेपर खाली ठेवला.

"वाटतो काय, आहेच! पण 'मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं' हे कॅमेऱ्यासमोर कोण सांगणार? ती शेजारीण? सख्खी सासू असताना?"

"आणि माझं काय?" लेक किंचाळली.

"तुझा एक हसरा फोटो लागेल," आई म्हणाली. "तो लग्नातच काढून घेऊ."